शुक्रवार, सकाळी पावणेनऊ

१ एप्रिल १९५५. शुक्रवार आणि रामनवमी. पुण्यात ऊन तापू लागले होते. तुळशीबागेतल्या राममंदिरात दुपारी बारा वाजता जन्मकाळ व्हायचा, त्याची लगबग पहाटेपासून सुरू झालेली: पाळणा सजवायचा, सुंठवडा करायचा, कीर्तनाची बैठक घालायची. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत उभारलेल्या या देवळात हा सोहळा पिढ्यान्‌पिढ्या ठरल्या वेळी होत आला होता. त्या वर्षी मात्र शहरात रामकथेला देवळाच्या सव्वातीन तास आधीच सुरुवात झाली. सकाळी पावणेनऊ वाजता पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत लागले.

गीतरामायणाची थोरवी सांगणारे लेखन मराठीत उदंड आहे. त्यात भर घालण्यापेक्षा ते ज्या सकाळी पहिल्यांदा ऐकू आले, त्या सकाळचे पुणे कसे होते ते पाहणे अधिक गमतीचे आहे.

पाच लाखांच्या आसपास वस्तीचे ते शहर होते. महानगरपालिका होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. महाराष्ट्र राज्य अजून जन्माला यायचे होते. पुणे मुंबई राज्यात मोडत असे, मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई आणि राज्यभर दारूबंदी होती. व्यवहार रुपये, आणे, पै यांत चाले. सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया यायला बरोबर दोन वर्षे उरली होती, कारण दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ला. धान्य पायलीने मोजत, दूध शेराने.

पेठांतल्या वाड्यांचा दिवस नळ येण्याच्या वेळेवर उजाडे. एकेका वाड्यात आठ-दहा बिऱ्हाडे, नळ सामाईक, संडासही सामाईक. न्हाणीघराशी तांब्याचा बंब पेटलेला, त्यात लाकडाच्या ढलप्या. स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, आणि घाईच्या वेळी पंप मारायचा घासलेटचा स्टो. रस्त्यावर सायकलींचे राज्य. सायकलीला पालिकेचा बिल्ला हवा आणि रात्री दिवा हवा. दिवा नसला किंवा डबलसीट कोणी बसवले, तर पोलीस हटकणार हे ठरलेले. ज्यांना सायकल नको त्यांच्यासाठी टांगे होते, पीएमटीच्या बसगाड्या होत्या. डेक्कनवरच्या इराण्यांकडे सकाळपासून पाव-मस्का आणि चहा सुरू असे. पेठेतला माणूस मात्र अमृततुल्याच्या फळीवरच टेकायचा.

अशा वाड्यात रेडिओ असलेच तर एखाद्या बिऱ्हाडात. लाकडी पेटीतला, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला मर्फी किंवा फिलिप्स. किंमत काही शे रुपये, म्हणजे साध्या कारकुनाला परवडण्यापलीकडची. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे, मग कुठे आधी घरघर आणि नंतर आवाज. छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली एरियलची तार असे, तिच्यावरून कोणाकडे रेडिओ आहे हे रस्त्यावरूनच कळायचे. संच ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे, दर वर्षी पैसे भरून तो नवा करावा लागे, आणि बिनपरवान्याचे संच हुडकायला निरीक्षक फिरत. पेटीवर घरातल्या सुनेने विणलेला रुमाल अंथरलेला असे. बटणाला हात लावण्याचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा.

पुण्याचे स्वतःचे केंद्र तेव्हा दीड वर्षाचे होते. २ ऑक्टोबर १९५३ला ते सुरू झाले. त्याआधी पुणेकर मुंबई ऐकत. प्रसारण दिवसभर अखंड नसे. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभा असत आणि मधल्या वेळात संच मुका. सकाळची सभा उघडे ती आजही ओळखीच्या असलेल्या सुरावटीने. ती बांधली होती वॉल्टर कॉफमन यांनी, १९३०च्या दशकात मुंबईत येऊन राहिलेल्या, मध्य युरोपातल्या एका ज्यू संगीतकाराने. पेठेतल्या सोवळ्याओवळ्याच्या घरात दिवसाचा पहिला सूर या निर्वासिताचा असे, आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे, कारण ते कोणाला ठाऊकच नव्हते.

या रेडिओवर काय लागायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय लागायचे नाही? १९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी खाते आले ते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे. गृहस्थ पुण्यात जन्मलेले, रागसंगीताचे अभ्यासू, आणि चित्रपटसंगीत म्हणजे देशाच्या कानाला लागलेली कीड, अशा मताचे. त्यांनी रेडिओवरची सिनेमाची गाणी आधी कमी केली, मग चित्रपटाचे नाव घेण्यावर आक्षेप आला, निर्माते चिडले, आणि गाणी जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोते मात्र कुठे जाणार? ते सिलोनला गेले. डिसेंबर १९५२पासून दर बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला लघुलहरींवरून भारतभर ऐकू येऊ लागली. ज्या घरी शॉर्टवेव्ह पकडणारा संच होता, त्या घरातली पोरे बुधवारी अचानक अभ्यासू होत आणि रेडिओच्या खोलीतच वह्या घेऊन बसत.

पेटी वाजवायलाही आकाशवाणीवर मज्जाव होता. हार्मोनियमचे स्वर आपल्या श्रुतींना धरून नाहीत म्हणून ही बंदी १९४०पासूनची, इंग्रज अमदानीतली. केसकरांनी ती तशीच चालवली. मराठी नाट्यसंगीत ज्या वाद्यावर पोसले, ते वाद्य सरकारी स्टुडिओच्या दाराबाहेर.

सिनेमाची गाणी काढली तर त्या जागी काहीतरी द्यावे लागणार. म्हणून केंद्रोकेंद्री सुगम संगीताचे विभाग उघडले, कवींना, संगीतकारांना बोलावणी गेली. भावगीत मराठीला नवे नव्हते. गजानन वाटव्यांनी ते चाळीसच्या दशकातच गणेशोत्सवांच्या मांडवांत नेले होते. पण रेडिओला दर आठवड्याला माल हवा होता. पुणे केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी आपल्या मित्राकडे, ग. दि. माडगूळकरांकडे, काहीतरी मोठे लिहून देण्याचा लकडा लावला, त्याची पार्श्वभूमी ही. माडगूळकरांनी रामकथा निवडली, चाली बांधायचे काम सुधीर फडक्यांकडे आले.

इथे एक गंमत आहे आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. ज्या दोघांना आकाशवाणीने हे काम दिले, ते दोघेही अंतर्बाह्य सिनेमाचे. माडगूळकरांनी 'रामजोशी'च्या लावण्या लिहिल्या होत्या. फडके प्रभातच्या 'गोकुळ'चे संगीतकार. राजा परांजपे दिग्दर्शक, माडगूळकर लेखक आणि फडके संगीतकार, या त्रिकुटाचे 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे दोन्ही चित्रपट ज्या १९५२ साली आले, त्याच साली केसकर मंत्री झाले. प्रसंग नेमका पकडायचा, पात्राच्या तोंडी त्याच्या वयाची आणि स्वभावाची भाषा द्यायची, तीन-चार मिनिटांत डोळ्यांत पाणी आणायचे, हे कसब दोघे स्टुडिओत शिकले होते. गीतरामायणात कवी बाजूला राहतो आणि दशरथ, कौसल्या, शूर्पणखा, हनुमान स्वतःच गातात. ही पटकथेची रीत. सिनेमाला आकाशवाणीने पुढच्या दाराने बाहेर काढले होते. तो सोवळे नेसून मागच्या दाराने आत आला आणि थेट देवघरापर्यंत गेला.

पुण्यात असे कसबी लोक मोकळे सापडण्याचे कारणही सिनेमातच होते. प्रभात फिल्म कंपनी १९५३पर्यंत बंद पडली होती. एकेकाळी शहराला चित्रनगरीचा तोरा देणारा तो स्टुडिओ शांत झाला होता. गायक, वादक, लेखक मुंबईची गाडी धरत होते किंवा नभोवाणीकडे वळत होते. त्याच १९५५ साली पु. ल. देशपांडे पुणे केंद्रावर आले, आणि माडगूळकरांचे धाकटे भाऊ व्यंकटेश ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात रुजू झाले. त्यांची 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली तीही त्याच वर्षी.

पहिल्या गीताची कथा पुण्यात हजारदा सांगितली गेली आहे, तरी टाळता येत नाही. माडगूळकरांनी गीत लिहून फडक्यांच्या हाती दिले होते. ध्वनिमुद्रणाची वेळ आली तेव्हा फडक्यांकडून तो कागद गहाळ झालेला. नक्कल कोणाकडेच नव्हती. माडगूळकर संतापले, पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. लाडांनी सरळ त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली, असे सांगतात. थोड्या वेळाने कडी काढली तेव्हा गीत तयार होते. हे नव्याने लिहिलेले गीत हरवलेल्याहून सरस उतरले की कमी, हे ठरवायला आता काहीच साधन नाही. फडक्यांनी त्याला भूप रागाची चाल दिली. लव-कुश रामासमोर बसून रामाचीच कथा गात आहेत, असा तो प्रसंग.

दोघेही तेव्हा पस्तिशीचे, जन्मसाल एकच, १९१९. माडगूळकरांचे घर पुण्यातच, मुंबई-पुणे रस्त्यावरची 'पंचवटी'. फडके मुंबईत दादरला राहत, पुण्याला येऊन-जाऊन काम करत. शांत चेहऱ्याच्या या संगीतकाराने आठच महिन्यांपूर्वी वेगळाच उद्योग केला होता. दादरा-नगरहवेली पोर्तुगिजांकडून सोडवायला जी तुकडी गेली, तिच्यात ते होते; २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा पडले तेव्हा ते तिथे होते. बाबासाहेब पुरंदरेही त्याच मोहिमेत होते.

तर पावणेनऊ. सणाचा दिवस, बहुतेकांना उपास. देवपूजा उरकत आलेली. ज्या बिऱ्हाडात रेडिओ होता, त्याच्या ओसरीवर बाकीची बिऱ्हाडे येऊन बसली असतील, निदान खिडकीपाशी उभी राहिली असतील. त्या काळी रेडिओ ऐकायची रीत तीच होती. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, नऊ वाजता संपला. त्या दिवशी रेडिओला घालायला कोणी गजरे घेऊन धावले नसेल. पहिल्या दिवशी लोक ऐकतात, जरा नवल करतात आणि कामाला लागतात. दुपारी देवळात गुलाल उधळला, सुंठवडा वाटला गेला, आणि बायकांनी पाळणा म्हटला तो नेहमीचा, परंपरेतला.

खुद्द गीतरामायणात राम त्या दिवशी जन्मला नाहीच. त्याला आणखी पाच आठवडे लागले. आधी अयोध्येचे वर्णन, मग पुत्र नाही म्हणून झुरणारी कौसल्या, दशरथ, यज्ञ, पायसदान, असे करत जन्माचे गीत आले ते सहावे, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. तेच गीत मनासारखे उतरेना म्हणून माडगूळकर फार वेळ कोंडी झाल्यासारखे बसले होते, आणि घरातून झाले का म्हणून विचारणा झाली तेव्हा जन्माला राम यायचा आहे, अण्णा माडगूळकर नव्हे, असे काहीसे उत्तर त्यांनी दिले, अशी आठवण सांगितली जाते. आज पाळण्याच्या वेळी देवळोदेवळी हेच गीत म्हणतात. पुष्कळांना ते पूर्वापार चालत आलेले वाटते, त्याचे वय रेडिओइतकेसुद्धा नाही.

दर शुक्रवारी नवे गीत आणि शनिवारी, रविवारी त्याचीच उजळणी, अशी पद्धत होती. नवे शब्द तीनदा कानांवर पडत, त्यामुळे उतरवून घेणाऱ्यांची सोय होई. मुली आणि सुना वही घेऊन बसत. शुक्रवारी निसटलेली ओळ शनिवारी भरून काढत. सणाची सुट्टी संपली तसा शुक्रवारचा पावणेनऊचा ठोका अडचणीचा ठरू लागला, कारण कचेरीत जाणाऱ्यांच्या जेवणाची वेळ तीच. पोळ्या आधी लाटून ठेवल्या जाऊ लागल्या. काही महिन्यांतच रेडिओला हार घालणे, उदबत्ती लावणे, कार्यक्रम संपल्यावर नमस्कार करणे हे प्रकार सुरू झाले. हे ऐकून आज हसू येते. पण कीर्तनकाराच्या गळ्यात हार घालणाऱ्या लोकांपुढे कीर्तन पेटीतून आले, तर त्यांनी हार दुसऱ्या कोणाला घालावा?

गायक एकाच ठशाचे नव्हते. फडके स्वतः राम झाले. माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके होत्या. वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर होते. शास्त्रीय बैठकीचा गवई, भावगीत गाणारी आणि सिनेमाला आवाज देणारी एकाच कथेत शेजारी आली, हे त्याआधी मराठी श्रोत्याने क्वचितच ऐकले होते.

तरीही 'सारे पुणे ऐकत होते' या वाक्यापाशी जरा थांबायला हवे. ज्यांच्या आठवणी छापल्या गेल्या, ती माणसे बहुतेक सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतली. कारखान्यातल्या पाळीवर गेलेल्या कामगाराला, मंडईत पहाटेपासून बसलेल्या बागवानाला, लष्करातल्या वस्तीला पावणेनऊची वेळ सोयीची नव्हतीच. त्यांची करमणूक संध्याकाळची. १ एप्रिललाही आर्यभूषण थिएटराच्या बाजूला गेले असते, तर कानांवर ढोलकी पडली असती. स्वातंत्र्यानंतर अश्लीलतेच्या नावाखाली सरकारने तमाशावर आधी बंदी आणि मग तपासणी बसवली होती, तरी फड मोडले नव्हते. अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजपुढे, विजय आणि मिनर्व्हापुढे आण्यांत मिळणाऱ्या तिकिटांच्या रांगा होत्या. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला आदल्या ऑक्टोबरात राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते, देशातले पहिले; मराठी सिनेमाचा मान वाढला होता, गर्दी मात्र हिंदीकडे वळू लागली होती. त्या गर्दीतला माणूस रात्री घरी जाताना जे गाणे गुणगुणे, ते केसकरांच्या रेडिओवर लागत नव्हते.

आणि माडगूळकरांची लेखणी दोन्हीकडे होती. शुक्रवारी सकाळी सीतेचा विलाप आणि उरलेल्या आठवड्यात सिनेमासाठी काय लागेल ते. 'गंगेत घोडं न्हालं' त्याच वर्षी आला. दोन्ही कामे एकाच बैठकीवरून व्हायची, आणि यात त्यांना स्वतःला कसलीच अडचण वाटत नसावी.

ते वर्ष शांत नव्हते. रामजन्माचा शुक्रवार उलटून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हाच १८ मेला सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. पुणे हे त्या सत्याग्रहाचे ठाणे झाले, तुकड्यांना निरोप द्यायला स्टेशनवर गर्दी लोटे. १५ ऑगस्टला पोर्तुगिजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बाहेर आला आणि महाराष्ट्र पेटला. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६च्या रात्री मुंबई केंद्रशासित होणार हे पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केले ते रेडिओवरून. हार घातलेल्या त्याच पेटीतून ती बातमी घरात आली. मुंबईत आठवडाभर दंगल, संचारबंदी, गोळीबार. तो आठवडा सरत होता त्या शुक्रवारी, २० जानेवारीला, गीतरामायणाचा त्रेचाळिसावा शुक्रवार होता. कथा लंकेच्या किनाऱ्याला लागलेली. मुंबईत रस्त्यावर अश्रुधूर, आणि पुण्याच्या स्टुडिओत रामाची वानरसेना.

मुळात बेत बावन्न गीतांचा होता, एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत. पण शके १८७७मध्ये अधिक भाद्रपद आला आणि वर्ष लांबले, म्हणून चार गीते वाढवावी लागली. पंचांगाने मराठी कवितेला असे काम क्वचितच लावले असेल. पंचावन्नावे गीत १३ एप्रिल १९५६ला, शुक्रवारी लागले. छप्पन्नावे आणि शेवटचे मात्र शुक्रवारपर्यंत थांबले नाही; रामनवमी १९ तारखेला होती, म्हणून ते गुरुवारीच ऐकवले गेले.

पुढे फडके गीतरामायण घेऊन रंगमंचावर गेले आणि हयातभर गात राहिले. तिथे आकाशवाणीचे नियम नव्हते. ते स्वतः पेटी पुढ्यात घेऊन गायला बसत. निरनिराळ्या भारतीय भाषांत, मूळ चालींना धरून, भाषांतरे झाली.

गीतांचे पुस्तक दिल्लीहून केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले, ३ ऑक्टोबर १९५७ला, विजयादशमीला. केसकर अजून मंत्रिपदी होते. आणि त्याच ३ ऑक्टोबरला त्यांच्याच खात्याने, सिलोनकडे गेलेले श्रोते परत आणायला, विविध भारती सुरू केली. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी पुन्हा वाजू लागली.